तळ्याच्या पाण्याची साक्ष

इंग्लंडमध्ये शहराच्या वेशीवरच्या एखाद्या शेतजमिनीवर घरे बांधायची ठरली, की जमिनीचा कस, सांडपाण्याची सोय, रस्त्याची रुंदी या नेहमीच्या बाबींबरोबर बांधकाम करणाऱ्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आसपासच्या तळ्यांत शिखाधारी न्यूट राहतो काय? राहत असेल, तर परवान्याशिवाय तिथे कुदळ मारता येत नाही. त्याच्या निवाऱ्याची नासधूस हा फौजदारी गुन्हा आहे. आणि प्राणी तर असा, की वर्षातले बरेच महिने तो पाण्यात नसतोच. असला तरी दिवसा दृष्टीस पडत नाही. दिसला तरी जवळच्या भाऊबंदांशी त्याची गल्लत होऊ शकते.

या प्रश्नाचे उत्तर २०१४ पासून एका पिशवीभर पाण्यातून मिळू लागले आहे. तळ्यात वावरणारा प्राणी आपल्या शरीराचे सूक्ष्म अंश पाण्यात सोडत असतो. त्यातला डीएनए वेगळा काढून ओळखता येतो. यालाच पर्यावरणीय डीएनए म्हणतात. दुसरीकडे, एखादा प्राणी कोणत्या परिसरात राहू शकेल याचे गणिती आडाखे बांधण्याचे शास्त्र, म्हणजे अधिवासाचे प्रारूप तयार करण्याचे शास्त्र, गेल्या चार दशकांत बरेच पुढे गेले आहे. दोन्ही पद्धती जगभर वापरल्या जातात. मात्र त्या एकमेकींच्या हातात हात घालून थेट कायद्याच्या, पैशाच्या आणि जमिनीच्या व्यवहारात उतरल्या, त्या प्रामुख्याने या एका उभयचराच्या निमित्ताने. म्हणून हा लेख त्याच्याभोवती.

न्यूट हा शेपटी असलेला उभयचर. नात्याने बेडकाचा, रूपाने पालीचा. महाराष्ट्रात असा प्राणी नाही. भारतात शेपटीचे उभयचर पाहायचे तर दार्जिलिंगच्या डोंगरांत किंवा ईशान्येकडे जावे लागते. शिखाधारी न्यूट ब्रिटनमधल्या न्यूटांमध्ये आकाराने सर्वांत मोठा. तो सतरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पाठ काळपट व खरबरीत, पोट भडक नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके. या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक न्यूटाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. विणीच्या हंगामात नराच्या पाठीवर दातेरी तुरा उगवतो. त्यावरून त्याचे नाव पडले. मादी वसंतात दोनशे ते तीनशे अंडी घालते आणि प्रत्येक अंडे पाणवनस्पतीच्या पानात स्वतंत्रपणे दुमडून ठेवते. एवढ्या कष्टाने जपलेल्या अंड्यांपैकी निम्मी मात्र एका गुणसूत्रातल्या जन्मजात दोषामुळे उबण्याआधीच मरतात. हा दोष या प्राण्याच्या साऱ्या कुळातच आहे. वीण आटोपली की प्रौढ न्यूट पाण्याबाहेर पडतात आणि कुंपणाच्या झुडपांत, ओंडक्यांखाली, दगडांच्या फटींत राहतात. तळ्यापासून पाचशे मीटरपर्यंत ते सापडतात. त्यामुळे केवळ तळे वाचवून त्यांचे भागत नाही. भोवतालचे कुरण आणि झाडीही हवी.

विसाव्या शतकात ब्रिटनमधली निम्म्याच्या आसपास तळी नाहीशी झाली. काही शेतीसाठी बुजवली गेली, काही गाळाने भरली. न्यूटांची संख्या त्याबरोबर घसरत गेली. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने त्यांना ब्रिटनमध्ये संरक्षण मिळाले आणि १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशाने ते अधिक कडक झाले. गंमत अशी, की इंग्लंडमध्ये हा प्राणी तसा दुर्मीळ म्हणता येणार नाही. सखल प्रदेशात तो बऱ्याच ठिकाणी आहे. युरोपातल्या अनेक भागांत तो झपाट्याने कमी होत असताना ब्रिटनमध्ये त्याची मोठी संख्या टिकून आहे, म्हणूनच तिथली जबाबदारी मोठी. घरबांधणी करणाऱ्यांना हा युक्तिवाद कधीच फारसा पटला नाही.

बाटली, विजेरी आणि चार रात्री

जुन्या पद्धतीने न्यूट शोधणे म्हणजे रात्रीचे काम. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या काळात तळ्याला किमान चार भेटी द्यायच्या. त्यांपैकी निम्म्या तरी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. अंधार पडल्यावर काठाने फिरत प्रखर विजेरीचा झोत पाण्यात टाकायचा. पाणवनस्पतींची दुमडलेली पाने उलगडून अंडी पाहायची. आणि सापळे लावायचे. हे सापळे म्हणजे शीतपेयाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. गळा कापून तो उलटा आत बसवला, की आत शिरलेल्या न्यूटाला बाहेरची वाट सापडत नाही. बाटली काठीला खोचून पाण्यात तिरपी ठेवतात आणि आत हवेचा एक बुडबुडा राखतात, नाहीतर अडकलेला प्राणी गुदमरेल. सकाळी लवकर येऊन सगळे सापळे उघडावे लागतात. हे सारे करणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना असावा लागतो.

एका तळ्यासाठी हे ठीक. पण मोठ्या प्रकल्पाच्या परिघात वीस-तीस तळी असतात. हंगाम हुकला तर पुढच्या वसंतापर्यंत थांबणे भाग. कर्जाचे व्याज चालू, कामगार बसून, आणि कारण विचारले तर न्यूट! त्या प्राण्याविषयीचा राग बराचसा या प्रतीक्षेतून आलेला आहे.

पिशवीतले पाणी

माती-पाण्यातून थेट डीएनए काढण्याची कल्पना प्रथम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात वापरली. २००३ मध्ये सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून मॅमथसारख्या लुप्त प्राण्यांचा डीएनए मिळाला, तेव्हा ती सर्वतोमुखी झाली. जिवंत वन्यप्राणी शोधण्यासाठी तिचा पहिला ठळक उपयोग झाला तो फ्रान्समध्ये. अमेरिकेतून आणलेला बुलफ्रॉग नावाचा दांडगा बेडूक तिथल्या तळ्यांत घुसला होता आणि स्थानिक उभयचरांना भारी पडत होता. २००८ मध्ये फिचेतोला, ताबेर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बेडकांची संख्या अगदी थोडी असली तरी तळ्याचे थोडेसे पाणी त्यांची वर्दी देते. तळ्यात न उतरता, एकही बेडूक न पकडता.

ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याने हीच पद्धत न्यूटासाठी तपासून पाहायचे ठरवले. २०१३ च्या हंगामात फ्रेशवॉटर हॅबिटॅट्स ट्रस्ट आणि इतर संस्थांनी ही चाचणी केली. न्यूट असल्याची खात्री असलेल्या पस्तीस तळ्यांना प्रत्येकी चार भेटी देऊन जुन्या व नव्या पद्धती शेजारी-शेजारी लावल्या गेल्या. विजेरीने साधारण ७५ टक्के भेटींत न्यूट सापडला, बाटलीच्या सापळ्यांनी ७६ टक्के, अंडी शोधून ४४ टक्के. विजेरी आणि सापळे एकत्र धरले तर ९५ टक्के. पर्यावरणीय डीएनएने ९९.३ टक्के! जिथे न्यूट नाहीच अशा प्रदेशांतल्या तळ्यांतून खोटा होकार आला नाही. स्वयंसेवकांनी देशभरात २३९ ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांतही यशाचे प्रमाण ९१.३ टक्के होते. हे स्वयंसेवक व्यावसायिक नव्हते, हे लक्षात घेतले तर हा आकडा मला पहिल्या आकड्याहून अधिक बोलका वाटतो. २०१४ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

नमुना घेण्याची रीत साधी, पण शिस्तीची आहे. १५ एप्रिल ते ३० जून एवढाच काळ ग्राह्य. हातमोजे घालायचे आणि पाण्यात पाय घालायचा नाही. कारण बुटाला चिकटलेल्या चिखलातून शेजारच्या तळ्याचा डीएनए या तळ्यात येऊ शकतो. शिवाय तळाचा गाळ ढवळला तर जुना, साठून राहिलेला डीएनए वर येतो. काठाकाठाने वीस ठिकाणांहून निर्जंतुक पळीने थोडे थोडे पाणी घेऊन एका पिशवीत जमवायचे, हलवून एकजीव करायचे आणि त्यातले पंधरा-पंधरा मिलिलिटर सहा नळ्यांत भरायचे. नळ्यांत आधीच अल्कोहोल असते. ते डीएनएला कुजू देत नाही. वीस जागा का? डीएनए पाण्यात साखरेसारखा समप्रमाणात विरघळत नाही. न्यूट ज्या कोपऱ्यात वावरतो तिथे तो दाट असतो आणि दहा मीटरवर जवळजवळ नसतो.

प्रयोगशाळेत सहाही नळ्यांतला डीएनए एकत्र करतात आणि पीसीआर नावाच्या प्रक्रियेने त्याच्या प्रती काढतात. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेला हा शब्द. मूळ तत्त्व तेच. शिखाधारी न्यूटाच्या डीएनएचा एक विशिष्ट तुकडा तेवढा ओळखून त्याच्या प्रती होतात. दर आवर्तनाला प्रतींची संख्या दुप्पट होते. तीस आवर्तनांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. ही प्रक्रिया एका नमुन्यावर बारा वेळा स्वतंत्रपणे करतात. बारांपैकी एकदा जरी न्यूटाची खूण उमटली तरी निकाल 'आहे' असा धरला जातो. नमुन्याबरोबर एक ओळखीचा कृत्रिम डीएनएही मिसळलेला असतो. तोच सापडला नाही, तर वाटेत नमुना खराब झाला किंवा पाण्यातल्या एखाद्या द्रव्याने प्रक्रिया अडवली, असे समजून निकाल 'अनिर्णित' नोंदवतात. ही पायरी वाचायला क्षुल्लक वाटेल. पण ती नसेल तर बिघडलेला प्रत्येक नमुना 'न्यूट नाही' म्हणून खपून गेला असता, आणि तळे बुजवणाऱ्याला ते हवेच असते.

जी पद्धत शंभर कोटी प्रती काढते ती चुकीच्याही शंभर कोटी प्रती काढते, हे तिचे दुखणे. शिंतोडाभर मिसळ झाली तरी ती मोठी होऊन समोर येते. म्हणून नमुन्यातला डीएनए वेगळा करण्याची खोली आणि प्रती काढण्याची खोली निराळ्या ठेवाव्या लागतात.

मासा नाही, पण त्याचा डीएनए आहे

'आहे' या निकालाचा अर्थ नेमका किती? पाण्यातला डीएनए सूर्यप्रकाश, उष्णता आणि जिवाणू यांच्यामुळे काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत नष्ट होतो. म्हणजे निकाल ताज्या वास्तव्याचा असतो, गेल्या वर्षीचा नव्हे. परंतु किती न्यूट आहेत, नर किती, माद्या किती, वीण होते की नाही, यातले काहीच तो सांगत नाही. बारांपैकी बारा वेळा खूण उमटली म्हणून न्यूट भरपूर आणि एकदाच उमटली म्हणून थोडे, असा अर्थ काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो चुकीचा आहे. एखाद्या बगळ्याने शेजारच्या तळ्यात न्यूट खाऊन इथे विष्ठा टाकली, तरी खूण उमटू शकते. शिवाय 'आढळला नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. चूक पाणी गोळा करताना होऊ शकते आणि प्रयोगशाळेतही होऊ शकते. या दोन टप्प्यांवरच्या चुकांचा हिशेब वेगवेगळा मांडून खरा आकडा काढण्याचे संख्याशास्त्र आता विकसित झाले आहे. केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर न्यूटाच्याच नमुन्यांवरून बरेच काम केले आहे.

या अनिश्चिततेची किंमत अमेरिकेने मोजली. आशियातून आणलेले बिगहेड आणि सिल्व्हर जातीचे कार्प मासे मिसिसिपीच्या खोऱ्यातून वर सरकत होते. ते मिशिगन सरोवरात शिरले तर तिथली मासेमारी धोक्यात येणार, म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात पाण्यात वीज सोडून अडथळा उभारला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातल्या डेव्हिड लॉज यांच्या गटाला या अडथळ्याच्या पलीकडे, सरोवराच्या बाजूला, कार्पचा डीएनए मिळाला. मासा मात्र कुणीच पाहिला नव्हता. डिसेंबरमध्ये अडथळ्याच्या देखभालीच्या निमित्ताने कालव्यात विष कालवले गेले. हजारो मासे तरंगले, पण त्यात आशियाई कार्प अवघा एक. त्याच महिन्यात मिशिगन राज्याने कालव्याची दारे बंद करावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शिकागोच्या जलवाहतुकीवर अवलंबून असलेल्यांचा प्रतिवाद असा, की न दिसलेल्या माशासाठी जिवंत व्यापार का मारायचा? बोटींच्या तळाला चिकटून, पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा सांडपाण्यातून तो डीएनए आला नसेल कशावरून? न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये तातडीचा आदेश नाकारला. जूनमध्ये अडथळ्याच्या पलीकडे, कॅल्युमेट तळ्यात एका मच्छीमाराच्या जाळ्यात बिगहेड कार्प आला. एका माशाने सगळा वाद संपला असे नव्हे. तरी त्यानंतर पाण्याच्या साक्षीला कुणी सरसकट हसले नाही.

दहा प्रश्न आणि एक गुणाकार

तळे न्यूटाच्या योग्यतेचे आहे की नाही, हे ठरवण्याचा एक साधा मार्ग २००० साली ओल्डम आणि सहकाऱ्यांनी सुचवला. त्याला अधिवास-योग्यता निर्देशांक म्हणतात. तळे देशाच्या कोणत्या भागात आहे, त्याचा विस्तार किती, ते किती वर्षांनी आटते, पाणी कसे आहे, काठावर सावली किती, पाणपक्षी किती, मासे आहेत का, जवळपास आणखी किती तळी आहेत, भोवतालची जमीन कशी आहे, पाणवनस्पती किती, असे दहा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण. तळे अधूनमधून आटते हे न्यूटाच्या पथ्यावर पडते, कारण मग त्यात मासे टिकत नाहीत. मासे न्यूटाची पिल्ले गट्ट करतात. बागेतल्या तळ्यात हौसेने सोडलेले सोनेरी मासे या दृष्टीने अनर्थकारक.

यातले खरे मर्म गुणांच्या सरासरीत आहे. दहा गुणांची बेरीज करून दहाने भागत नाहीत. त्यांचा गुणाकार करून दहावे मूळ काढतात. समजा नऊ बाबतींत तळ्याला ०.९ गुण आहेत आणि माशांचा सुळसुळाट असल्याने त्या एका बाबतीत ०.०१. बेरजेच्या सरासरीने उत्तर येते ०.८१, म्हणजे तळे उत्कृष्ट. गुणाकाराच्या सरासरीने येते ०.५७, म्हणजे सामान्याहून कमी. निसर्गात एका दोषाची भरपाई नऊ गुणांनी होत नाही, हे गणितात बसवण्याची ही युक्ती आहे.

एका तळ्यापुरते हे पुरते. सबंध जिल्ह्याचा किंवा देशाचा विचार करायचा तर प्राणी आढळलेल्या ठिकाणांच्या नोंदी घ्यायच्या, त्या ठिकाणचे तापमान, पाऊस, उंची, जमिनीचा वापर यांच्याशी ताडून पाहायच्या आणि असे ठिकाण आणखी कुठे आहे हे संगणकाला विचारायचे. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात बायोक्लिम नावाची आज्ञावली यासाठी निघाली. २००६ मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेली मॅक्सेंट ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. अशा नकाशांतून काय हाती लागू शकते याचे सुरेख उदाहरण मादागास्करचे आहे. २००३ मध्ये राक्सवर्दी यांच्या गटाने तिथल्या परिचित सरड्यांचे नकाशे तयार केले. काही ठिकाणी नकाशा सांगे 'हा सरडा इथे असावा', आणि तो तिथे नसे. प्रारूप चुकले म्हणून ही ठिकाणे सोडून न देता संशोधक तिथे गेले. त्यांना मूळ सरडा मिळाला नाही. त्याचे जवळचे नातलग असलेल्या, विज्ञानाला अज्ञात अशा सात जाती मिळाल्या.

प्रारूप मात्र दिलेल्या नोंदींहून शहाणे असू शकत नाही. याचा धडा संगणकाच्या आधीच, खुद्द आपल्या खानदेशात मिळालेला आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड ह्यूम यांनी १८७३ मध्ये नोंदवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. अपवाद एकच, मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा दावा केलेला नमुना. नंतर शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून भलत्याच ठिकाणी फिरले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच, चोरून नव्याने शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटात मिळाला आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या जंगलातही. आज अशा नोंदींवरून नकाशे बेतले जातात. त्यात मांडवीसारखी एक खोटी नोंद शिरली तर संगणक तीही तितक्याच निष्ठेने रंगवील.

लाल, पिवळा, हिरवा

इंग्लंडमध्ये या दोन वाटा जिथे मिळाल्या ती योजना अशी. पूर्वी प्रत्येक बांधकाम करणारा आपापल्या जागेतल्या न्यूटांची मोजदाद करी, कुंपण घालून त्यांना पकडून हलवी आणि तेवढ्यापुरता परवाना घेई. खर्चाचा मोठा भाग प्लॅस्टिकच्या कुंपणावर आणि बादल्यांतून न्यूट वाहून नेण्यावर जाई. न्यूटांसाठी नवी जागा तयार करण्यावर थोडाच. २०१६ मध्ये वोकिंग या नगरात नॅचरल इंग्लंड आणि स्थानिक परिषदेने उलटा क्रम वापरून पाहिला. आधी साऱ्या परिसरातल्या तळ्यांचे डीएनए सर्वेक्षण, त्यावरून न्यूटांचे नकाशे, मग चांगल्या जागी नवे अधिवास, आणि त्यानंतर बांधकामे. पुढे ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. २०१७ ते २०१९ या काळात नॅचरल इंग्लंडने इंग्लंडभर तळ्यांचे पाणी तपासले. सगळी तळी तपासणे अशक्यच. म्हणून निवडक तळ्यांचे निकाल, भोवतालची झाडी, कुरणे, रस्ते, तळ्यांची दाटी यांच्याशी जोडून प्रारूप तयार केले आणि न तपासलेल्या जागांविषयी अंदाज बांधले. त्यातून लाल, पिवळे, हिरवे पट्टे असलेले नकाशे निघाले. लाल म्हणजे न्यूटांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रदेश. तिथे या सोयीलाही मर्यादा आहेत. पिवळ्यात त्यांची मुख्य वस्ती, हिरव्यात तुरळक शक्यता.

या योजनेत सामील होणाऱ्याला स्वतः सर्वेक्षण करावे लागत नाही, वसंताची वाट पाहावी लागत नाही. नकाशातला रंग आणि तळ्यांची संख्या पाहून ठरलेली रक्कम भरायची. त्या पैशातून नष्ट होणाऱ्या तळ्यामागे चार तळी खोदायची किंवा गाळ काढून पुन्हा जिवंत करायची आणि पंचवीस वर्षे सांभाळायची. ती झाली की नाही, न्यूट तिथे पोहोचले की नाही, हे पुन्हा पाण्याच्या पिशवीनेच तपासतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते टाळण्याजोगे नाहीत. नकाशा शक्यता सांगतो. एखाद्या हिरव्या पट्ट्यातल्या तळ्यात प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या न्यूट असले, तर ते कुणाच्या लक्षात न येता यंत्राखाली जातील. नवे तळे वीस किलोमीटरवर असेल, तर मेलेल्या न्यूटाला त्याचा काय उपयोग? समर्थकांचे उत्तर असे, की शहराच्या कडेला एकाकी पडलेली चार तळी राखण्यापेक्षा चांगल्या प्रदेशात एकमेकांना जोडलेली सोळा तळी जातीला अधिक तारतात. जातीचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे असे मला वाटते. मात्र तो हिशेब नमुने किती दाट घेतले आणि प्रारूप किती वेळा सुधारले यावर उभा आहे. २०१९ चे पाणी २०३० च्या निर्णयाला पुरणार नाही, आणि पुन्हा सर्वेक्षणासाठी पैसे देण्याचा उत्साह पहिल्याइतका राहत नाही, हा कुठल्याही देशातला अनुभव.

राजकारण्यांना एवढा तपशील नको असतो. जून २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी डडली येथल्या भाषणात न्यूटांच्या मोजणीतला विलंब हा देशाच्या भरभराटीच्या आड येतो असे सुनावले. जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनीही वटवाघळे आणि न्यूट यांची चिंता सोडून बांधकामांना लागा, असा सूर लावला. पक्ष वेगळे, पण न्यूट तोच. मोजणीतला विलंब कमी करणारी पद्धत त्यांच्याच सरकारी संस्थेने बरीच वर्षे चालवली आहे, याचा उल्लेख दोघांच्याही टीकेत ठळक नव्हता.

आपल्याकडे

भारतात अधिवासाची प्रारूपे नवी नाहीत. सरिस्कातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा पंजांच्या ठशांवरून होणारी जुनी व्याघ्रगणना निकालात निघाली आणि २००६ पासून छायाचित्रण सापळे आणि अधिवासाचे गणित यांची सांगड घातली गेली. १४११ हा गाजलेला आकडा त्याच पहिल्या गणनेचा. पर्यावरणीय डीएनएच्या बाबतीत हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या वन्यजीव प्रयोगशाळेने ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या पाण्यातून तिथल्या जीवसृष्टीचा आढावा घेतला आहे.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथली तळी थंड. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या तळ्यात डीएनए कितीतरी लवकर विघटित होतो, आणि पावसाळ्यात ओढ्याचे पाणी वरच्या दहा ठिकाणांचे अंश घेऊन येते. शिवाय न्यूटाची खूण ओळखता येते, कारण त्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा डीएनए आधी नोंदलेला आहे. सह्याद्रीतल्या बेडकांच्या आणि देवगांडुळांच्या कितीतरी जाती गेल्या दोन-तीन दशकांत प्रथमच वर्णिल्या गेल्या. त्यांपैकी प्रत्येकीचा खात्रीचा नमुना आणि त्याचा डीएनए संग्रहात असल्याशिवाय पाण्यात सापडलेला तुकडा कुणाचा, हे सांगता येत नाही. म्हणजे सुरुवात पुन्हा तिथूनच: पावसात, रात्री, विजेरी घेऊन डबक्याच्या काठावर.